समुद्रभिंतीला मंजुरी नक्की कोणाची?

अनेकांचा समज असतो की इंग्लंडमध्ये प्रत्येक समुद्रभिंतीचा पैसा थेट डेफ्रा (पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार) मंत्रालय मंजूर करतं. हे जुनं झालं. 2008 मध्ये किनारा-संरक्षणाची एकूण देखरेख एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे गेली. मंत्रालयाकडे धोरण आणि एकूण निधी उरला. किनाऱ्याची धूप रोखण्याचे अधिकार मात्र 1949 च्या किनारा संरक्षण कायद्याने मुख्यतः किनारी कौन्सिलांकडे (स्थानिक परिषदांकडे) आहेत, आणि ते केवळ अधिकार आहेत, बंधन नव्हे. गावकरी नेमके इथेच फसतात: भिंत बांधायला कौन्सिलला भाग पाडता येत नाही. शिवाय 2010 च्या पूर आणि जलव्यवस्थापन कायद्यानुसार एजन्सीच्या त्या भागातल्या कामांच्या कार्यक्रमाला प्रादेशिक पूर आणि किनारा समितीची संमती लागते. सरकार आणि स्थानिकांनी मिळून खर्च उचलायच्या 2011 च्या भागीदारी पद्धतीत सरकारी अनुदान मुख्यतः किती घरं वाचतात यावर ठरू लागलं. उरलेली तूट स्थानिकांनी भरायची. विरळ वस्तीवर हा सरळ अन्याय होता.