पॅटी अँड्र्यूज ‘मधली’ कशी?

म्हापसेकर

माझे वडील १९४०च्या दशकात नोकरीनिमित्त मुंबईला, गिरगावात राहत होते. गोव्यात परतताना त्यांनी ग्रामोफोनच्या ज्या तबकड्या आणल्या, त्यांत केसरबाई केरकरांच्या तबकड्यांबरोबर अँड्र्यूज सिस्टर्स या अमेरिकन गायिका भगिनींच्याही तीन आहेत. ही सोबत आमच्या घरी कोणालाच विचित्र वाटली नाही. तिन्ही बहिणींपैकी वडिलांचा जीव पॅटीवर होता. तबकडीच्या खाकी पाकिटावर त्यांनी शिसपेन्सिलीने ‘मधली – पॅटी’ असे लिहून ठेवले आहे.

माझी अडचण इथेच आहे. लव्हर्नचा जन्म १९११चा, मॅक्सीनचा १९१६चा आणि पॅटीचा १९१८चा, म्हणजे पॅटी सर्वांत धाकटी. वडील हिशेबाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते, त्यामुळे ही चूक त्यांची वाटत नाही. शिवाय तबकडी कितीही वेळा लावली तरी तीन आवाजांतून पॅटीचा आवाज मला वेगळा काढता येत नाही. सर्वांत वरचा, चटकन कानावर येणारा आवाज तिचाच असावा, असे मी आजवर धरून चाललो होतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

अंत्रुजवासी

आपल्या वडिलांनी छायाचित्रे पाहिली असणार. व्यासपीठावर आणि चित्रपटांत पॅटी बहुधा मध्ये उभी असे आणि दोघी थोरल्या बहिणी दोन बाजूंना. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या १९४१च्या ‘बक प्रायव्हेट्स’ या चित्रपटात या तिघी सैनिकी गणवेशात ‘बूगी वूगी बगल बॉय’ गातात. तो चित्रपट किंवा त्याची जाहिरात वडिलांच्या पाहण्यात आली असेल, तर ‘मधली’ या शब्दाचा उलगडा तेवढ्याने होतो.

हे गाणे आमच्याकडेही होते. मला संवादिनीवर एका वेळी एकच सूर शोधण्याची सवय असल्यामुळे तीन आवाजांच्या या गुंत्यात मीही हरवत असे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

साष्टीकर

अंत्रुजवासी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच उत्तर आहे असे मला वाटते. पॅटी आवाजांतही मधलीच होती. मॅक्सीनचा आवाज सर्वांत उंच, लव्हर्नचा सर्वांत खालचा, आणि गाण्याची मुख्य चाल सामान्यतः या दोहोंच्या मध्ये पॅटीकडे असे. आपल्याला वरचा आवाज तो मुख्य आवाज असे वाटते, कारण आपला कान एका गळ्याच्या गाण्यावर पोसलेला आहे आणि साथीची सारंगी किंवा संवादिनी त्या गळ्याच्या मागोमाग जाते. इथे बाकीचे दोन गळे मागून येत नाहीत; शब्द, श्वास आणि लय तीच राखून ते त्याच क्षणी वेगळ्या स्वरांवर उभे असतात. पॅटी पंचमावर असेल त्या वेळी कोणी गंधार धरावा आणि कोणी वरचा षड्ज धरावा, तसे काहीसे.

गोव्यात हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. आपल्याकडे मांडो, म्हणजे गोव्याची पारंपरिक कोंकणी गीते, दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज मुख्य चालीपासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराचे अंतर राखून तिच्याबरोबर चालतो. मी लहानपणी आमच्या वाड्यावरच्या मेस्ताकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, व्हायोलिन शिकायला जात असे. ते आम्हा दोघा मुलांना समोरासमोर उभे करीत, एकाला चाल आणि दुसऱ्याला दुसरा आवाज देत, आणि ज्याचा आवाज दुसऱ्याच्या चालीवर घसरेल त्याच्या दंडावर गज टेकवीत. माझ्या दंडाला तो गज चांगलाच ओळखीचा झाला होता! चर्चच्या शाळांतून असेच शिक्षण घेतलेले गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये गेले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. ते ज्या जॅझच्या ढंगाचे संगीत वाजवीत, त्याच ढंगात या तीन बहिणी गात होत्या.

पॅटीचा आवाज शोधायचा असेल तर दोघी थांबतात आणि एकटी एखादी ओळ म्हणते, ती जागा आधी पकडावी. तो आवाज काहीसा भरीव आणि खेळकर आहे, आणि शब्द ठोक्यावर न टाकता जरासा अलीकडे-पलीकडे टाकण्याची त्याला खोड आहे. एकदा ओळख पटली की पुढे तिघी एकत्र आल्या तरी तो सुटत नाही.

पर्वरीची वाचक

साष्टीकर यांच्या उत्तराला थोडी पुस्ती जोडते. पॅटीला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सारे काही कानाने बसवलेले असे, आणि तो कान बँडच्या पितळी वाद्यांवर तयार झालेला होता. त्यामुळे तीन ट्रम्पेट एकत्र वाजावेत तसे या तिघींचे गाणे वाजते. सुरुवातीला त्यांच्यापुढे बॉसवेल सिस्टर्स या आधीच्या गायिका भगिनींचा आदर्श होता, आणि त्यांच्या गाण्यांची वाद्यरचना बहुतांशी व्हिक शोएन यांची असे.

या बहिणींचे वडील ग्रीक, आई नॉर्वेजियन आणि जन्म मिनेसोटातला; तरीही त्यांचे पहिले मोठे यश यिडिश या ज्यू लोकांच्या भाषेतील एका गाण्याचे होते. १९३२च्या एका संगीतिकेतील ‘बाय मिर बिस्ट दु शेन’ हे ते गाणे. संगीतकार शोलोम सेकुंडा यांनी त्याचे हक्क अवघ्या ३० डॉलरना विकून टाकले होते! सॅमी कान आणि सॉल चॅप्लिन यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा पॅटी १९ वर्षांची होती.

पुढे बहिणींमध्ये वितुष्ट आले, पॅटीने काही काळ एकटीने गाऊन पाहिले, पुन्हा तिघी एकत्रही आल्या. लव्हर्न १९६७ मध्ये गेली, मॅक्सीन १९९५ मध्ये, आणि पॅटी ३० जानेवारी २०१३ रोजी कॅलिफोर्नियात वयाच्या ९४व्या वर्षी. तिची एकट्याची गाणी मी ऐकली आहेत. ती वाईट नाहीत, पण ऐकताना दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या असल्याचे सतत जाणवते.

म्हापसेकर

सर्वांचा ऋणी आहे. काल रात्री साष्टीकर यांच्या सूचनेप्रमाणे चावी भरून तीच तबकडी चार वेळा लावली. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे दर वेळी उठून सुई उचलावी लागली. तिसऱ्या वेळी एकटीची ओळ सापडली, आणि चौथ्या वेळी दोघी परत आल्यावरही तो आवाज माझ्या हातून सुटला नाही.

त्यानंतर उरलेल्या दोन तबकड्यांची पाकिटे पेटीतून काढून दिव्याखाली धरली. पेन्सिल फार पुसट झाली आहे, पण अक्षर वडिलांचेच आहे. एकावर ‘वरची – मॅक्सीन’ असे लिहिलेले आहे आणि दुसऱ्यावर ‘खालची – लव्हर्न’. गिरगावात असताना त्यांच्या कचेरीत गोव्याच्या साष्टी तालुक्यातला एक सहकारी होता, तो धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक वसतिगृहात, राहून संध्याकाळी बँडमध्ये व्हायोलिन वाजवीत असे, एवढे आईच्या बोलण्यात आलेले मला आठवते.