मदत हवी आहे: आर७ घेतला, माळावरचे भोवत्ये (शिकारी पक्षी) आणि मॅटवरची कबड्डी दोन्हीसाठी सेटिंग कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

कॅनन ईओएस आर७ घेऊन थोडे दिवस झालेत. त्याआधी बरीच वर्षं ७डी मार्क २ वापरला, त्यामुळे मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) हातात पहिल्यांदाच. पुण्यात राहतो आणि मनापासून फोटो काढतो ते दोनच गोष्टींचे: माळरानावरचे पक्षी-प्राणी आणि कबड्डी. वेग दोन्हीकडे लागतो, पण अडचणी अगदी निराळ्या. इथे सासवड, सुपे, कडबनवाडी, भिगवण या बाजूंना नेहमी जाणारे आणि खेळाचे फोटो काढणारेही बरेच जण आहेत, म्हणून तपशिलात लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

लेन्स जुनीच आहे. ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल, अडॅप्टर लावून. हिला आयएस (हात हलल्याचा परिणाम कमी करणारं स्थिरीकरण) नाही, पण वजन सव्वा किलो, आणि हातात धरून उडता पक्षी टिपायला मला अजून हिच्यासारखी दुसरी मिळालेली नाही. आर७ च्या लहान सेन्सरमुळे, म्हणजे १.६ क्रॉपमुळे, ६४० मिमीइतका पल्ला मिळतो. कबड्डीला ईएफ ७०-२०० एफ/२.८.

आधी आवडलेलं सांगतो, कारण ते खूप आहे. कवडीपाटला पहिल्याच सकाळी शेकाट्या समोर आला. गुडघाभर पाण्यात चालतोय, दर दोन पावलांना चोच बुडवतोय. फ्रेममध्ये त्याचं डोकं वाटाण्याएवढं, आणि तरी डोळा शोधणाऱ्या फोकसचा तो छोटा निळा चौकोन त्याच्या लाल डोळ्यावर बसलेला! मान खाली गेली की चौकोन अंगावर सरकायचा, मान वर आली की परत डोळ्यावर. जुन्या कॅमेऱ्यावर मी मधला एकच पॉइंट मानेवर ठेवून बाकी फ्रेमचं गणित मनात करत बसायचो. आता डोकं फ्रेमिंगला मोकळं राहतं. कमरेइतक्या उंचीवरून, पडदा उघडून, पाण्यालगत कॅमेरा धरूनही फोकस चुकत नाही. दुसरं म्हणजे बॉडीतलं स्थिरीकरण. १९९३ साली आलेली ही लेन्स बसलेल्या खंड्यावर १/२०० ला धारदार फोटो देते, हे मला अजूनही भारी वाटतं.

आता मदत हवी ती इथे.

पहिला आणि मुख्य प्रश्न भोवत्यांचा. हिवाळ्यात संध्याकाळी ते गवतात मुक्कामाला उतरतात तेव्हा जमिनीपासून हात-दोन हातांवरून तरंगत येतात, मान खाली घालून गवत चाळत. पक्षी आभाळावर असेल तर कॅमेरा तो क्षणात उचलतो आणि मग सोडत नाही. पण क्षितिजाच्या खाली आला, मागे वाळलेलं गवत आलं, त्यातून मादी असेल तर तिचा रंगही गवताचाच, की फोकस थेट मागच्या गवतावर जाऊन बसतो. एकदा तिकडे गेला की पक्षी इतका धूसर होतो की डोळा शोधायला कॅमेऱ्याला काही उरतच नाही. मी बटण सोडून परत दाबतो, तो पुन्हा गवतच धरतो, आणि तेवढ्यात पक्षी पुढे गेलेला असतो. हे जुन्या कॅमेऱ्यावरही व्हायचं, कोणत्याही कॅमेऱ्याला हे अवघडच आहे. पण नव्या यंत्रणेत यावर चांगला मार्ग असणार असं वाटतं. सध्या सर्व्हो (हलत्या विषयावर सतत फोकस ठेवणारी पद्धत), विषय 'प्राणी', पूर्ण क्षेत्र, १/२५००, एफ/५.६, आयएसओ ऑटो असं ठेवलंय. तुम्ही पहिली पकड कशी मिळवता?

दुसरा प्रश्न शटरचा. मेकॅनिकलवर सेकंदाला १५ फोटो, इलेक्ट्रॉनिकवर ३०. मेकॅनिकलचा आवाज मोठा आहे, मयूरेश्वरला चिंकारा लगेच कान टवकारून बघतो. पण इलेक्ट्रॉनिकवर सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १/४००० ठेवलं तरी फ्रेमची वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात तेवढ्या वेळाचं अंतर राहतंच. सेकंदाला ८ मीटर वेगानं फिरणारा हात तेवढ्या वेळात २४ सेंटीमीटर सरकतो. पंखांचं तेच. स्टॅक्ड सेन्सरवाले कॅमेरे हे काम काही मिलिसेकंदांत उरकतात आणि सोनी ए९ ३ च्या ग्लोबल शटरमध्ये (सगळी फ्रेम एकदम टिपणाऱ्या) हा प्रश्नच येत नाही, पण त्या किमती माझ्या आवाक्यातल्या नाहीत. मग आर७ वर इलेक्ट्रॉनिक शटर नेमकं कशाला वापरावं, कशाला नाही?

तिसरं, बंदिस्त हॉलमधली कबड्डी. एलईडी दिव्यांखाली एकामागून एक फोटोंचा उजेड वरखाली होतो. आणि विषय 'माणूस' ठेवला की चौकोन चढाईपटूवरून बचावपटूवर उडी मारतो.

चौथं, पुढे पैसे साठवायचे ते आरएफ १००-५०० लेन्ससाठी की २००-८०० साठी?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. कुठल्या जागी, कुठल्या वेळी वापरलंत तेही सांगितलंत तर फार उपयोग होईल.

प्रतिसाद

भोवत्यांवर माझे बरेच हिवाळे गेलेत, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पूर्ण क्षेत्र गवतावर ठेवू नका. कॅमेऱ्याला निवड दिली की तो जवळचं आणि ठळक ते उचलणार, आणि माळावर ठळक असतात गवताच्या काड्या. दोन बटणं वेगळी करा. एएफ-ऑनवर (अंगठ्यानं फोकस करायचं बटण) लहान झोन, म्हणजे फोकसचं छोटं क्षेत्र, ठेवा, शेजारच्या चांदणीच्या बटणावर डोळा शोधणं. आधी लहान झोननं पक्ष्याच्या अंगावर फोकस आणायचा, तो बसला की अंगठा सरकवून दुसरं बटण. अंगठ्याला सवय लागायला वेळ जातो, पाषाण तलावावर घारी आणि बगळ्यांवर सराव करा. भोवत्यासमोर शिकायला जाऊ नका.

तुमच्या लेन्सवर फोकसच्या अंतराच्या मर्यादेचं बटण आहे, ३.५ मीटरपासून आणि ८.५ मीटरपासून. माळावर ते कायम ८.५ वर. जवळच्या काड्यांकडे लेन्स धावतच नाही आणि शोधाशोधीत जाणारा वेळ वाचतो.

सर्व्होच्या केसेसमध्ये (तयार सेटिंग) केस २ लावा, मध्ये काही आडवं आलं तरी धरलेलं न सोडणारी. आणि पक्षी यायच्या आधीच तो ज्या ओळीनं येतोय त्या ओळीतल्या एखाद्या बोरीवर किंवा बाभळीवर फोकस आणून ठेवा. भोवत्या शेताच्या बांधासारखी सरळ रेघ धरून येतो, तिकडे जाऊन परत त्याच बाजूनं वळतो. पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघितलंत तर त्याची रेघ कळते. फोकस आधीच आसपास असला की पक्षी धूसर का होईना दिसतो, आणि कॅमेऱ्यालाही धरायला काहीतरी मिळतं.

एक विचारतो, हे फोटो किती वाजताचे? सकाळी दहानंतर माळ तापला की जमिनीलगतची हवा लहरते. तेव्हा फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येतो आणि माणूस सेटिंग बदलत बसतो. गाडीतून काढत असाल तर एसी बंद करून काचा आधीच उघड्या ठेवा. आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते, नेमकी लेन्ससमोर.

धागाकर्ता

मनापासून आभार. फोटो मावळतीच्या आधीच्या तासातले आहेत, त्यामुळे लहरींचा प्रश्न कमी. मर्यादेचं बटण मी आजवर ३.५ वरच ठेवत आलो, कारण कधीकधी चंडोल अगदी गाडीजवळ येऊन बसतो. पण संध्याकाळी ८.५ वर ठेवायला काहीच हरकत नाही. बांधाच्या रेघेचं निरीक्षण फार आवडलं.

प्रतिसाद

मी शाळा-कॉलेजच्या स्पर्धा टिपते. बालेवाडीला आणि छोट्या हॉलमध्येही.

इलेक्ट्रॉनिक शटर हॉलमध्ये पूर्ण विसरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तुमचा सेन्सर वाचायला ३० मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात दिव्याच्या तीन फेऱ्या होतात. म्हणून एकाच फोटोत आडवे तीनेक पट्टे दिसतात, आणि ते नंतर कशानंही धड निघत नाहीत. मेकॅनिकलवर या आणि मेनूतलं अँटी-फ्लिकर चालू करा. कॅमेरा दिव्याच्या उजळ क्षणी शटर सोडतो. वेग थोडा कमी होईल, पण उजेड आणि रंग एकसारखे येतील. १/८०० ते १/१०००, एफ/२.८, आयएसओ ६४०० लागला तर लागू दे. मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण धारदार आला तर दाण्यांबद्दल कोणी विचारत नाही. नुसतं रॉ घेऊ नका, सीरॉ (दाबून लहान केलेली रॉ) घ्या. फाइल लहान असते, त्यामुळे ऐन पकडीच्या वेळी बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरून कॅमेरा थांबायची शक्यता कमी होते.

चौकोनाच्या उड्यांबद्दल. धरलेला विषय बदलायची एक सेटिंग आहे, ०, १, २ अशी. ती ० वर ठेवा. आणि मुळात जागा बदला. बाजूच्या रेषेवरून काढलं तर चढाईपटू आणि सात बचावपटू एकमेकांवर येतात, माणसालाही कळत नाही कोण पुढे आहे ते. शेवटच्या रेषेमागे, बचावाच्या बाजूला, कोपऱ्याकडे बसा. चढाईपटू तोंड तुमच्याकडे करून येतो आणि बचावपटूंच्या पाठी असतात. पाठीला डोळे नसल्यामुळे कॅमेराही गोंधळत नाही. साखळीनं पकड केली की त्याला मध्यरेषेकडे हात टाकायचा असतो, तेव्हा तो तुमच्याकडे पाठ करतो, हे मात्र आहे. म्हणून उत्तरार्धात मी दुसऱ्या टोकाला जाते. तिथून मध्यरेषेकडे झेपावणारा चेहरा मिळतो. पंचांची आणि आयोजकांची परवानगी आधी घ्या, मॅटच्या कडेपासून लांब बसा, खेळाडू कुठेही येऊन पडतो.

प्रतिसाद

शटरबद्दल थोडी वेगळी बाजू. इलेक्ट्रॉनिक वाया नाही. बसलेला पक्षी, चरणारा चिंकारा, बिळाच्या तोंडाशी बसलेलं खोकड, इथे ते उत्तम. प्राणी स्थिर आहे, कॅमेरा स्थिर आहे, वाकडं व्हायला काही नाही, आणि आवाज शून्य. रॉ बर्स्टमध्ये (सलग रॉ फोटोंची पद्धत) बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही मिळतो. खंड्या फांदीवरून सुटतो तो क्षण माझ्या बोटांना कधीच सापडला नव्हता, तो त्यात सापडला. पंख थोडे वाकडे येतात, पण अंग आणि डोळा बरोबर असतो. उडत्या भोवत्यासाठी मात्र मेकॅनिकलच.

लेन्सबद्दल: संध्याकाळी माळावर काढत असाल तर २००-८०० घ्यायच्या आधी विचार करा. ८०० ला ती एफ/९ असते, वजन दोन किलोच्या वर. भिगवणला होडीतून भर उन्हात रोहित किंवा पट्टकादंब काढायला ती छान. पण मावळतीला एफ/५.६ वरून एफ/९ वर जाणं म्हणजे आयएसओ अडीच पट. १००-५०० पाचशेला एफ/७.१ आहे आणि हातात धरवते.

आणि एक कळकळीची विनंती, इथे नवे लोकही वाचतात म्हणून. माळावर गाडी वाटेवरून खाली घालू नका. धाविक, माळटिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि ती चाकाखाली आली तरी आपल्याला कळतसुद्धा नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शेवटच्या विनंतीला माझंही पूर्ण अनुमोदन.

दोन बटणांची पद्धत पाषाणला घारींवर बसवली आणि मग सासवडच्या बाजूला गेलो. फरक मोठा आहे. लहान झोन, मर्यादा ८.५, केस २ आणि बोरीवर आधीच आणून ठेवलेला फोकस, एवढं केल्यावर एक मादी गवताच्या वरून सरळ माझ्या दिशेनं आली आणि चौकोन तिच्या अंगावर बसला. दुसरं बटण दाबल्यावर चेहऱ्यावर गेला. वळताना तिनं शेपूट पसरली, त्या सगळ्या फ्रेम्स धारदार आहेत, शेपटीवरचे पट्टे मोजता येतात. आडवी उडत जाणारी मात्र अजून सुटते. विशेषतः गवताचे शेंडे तिच्या पोटाला लागतात तेव्हा झोन अर्धा गवतावर असतो. तिथे झोनऐवजी एकच पॉइंट वापरावा का? की झोन आडवा, पट्टीसारखा करून थोडा वर उचलावा? आर७ मध्ये झोनचा आकार बदलता येतो, पण कोणता आकार आडव्या उडणाऱ्या पक्ष्याला चालतो हे करून बघितलेल्या कोणी सांगावं.

हॉलमध्ये अँटी-फ्लिकरनं उजेडाचा प्रश्न मिटला. शेवटच्या रेषेमागची जागा पुढच्या स्पर्धेत विचारून बघणार आहे.

लेन्सचा निर्णय १००-५०० कडे झुकतोय. पुण्यात ती शनिवार-रविवारसाठी भाड्यानं कुठे मिळते, आणि अनामत साधारण किती ठेवावी लागते, हे कोणी व्यक्तिगत निरोपात कळवलं तर बरं होईल. हिवाळा संपायच्या आत ती एकदा भोवत्यांवर वापरून बघायची आहे.