असाइनमेंटच्या मुदतीत मोकळीक किती ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका कॉलेजात एसवायबीएला अर्थशास्त्र शिकवते. सकाळची बॅच, 70 मुलं. निम्मी तरी दुपारनंतर कामाला जातात. बदलापूर, विरार, पनवेलहून येणारीही बरीच. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वेवरची मुलं पोचत नाहीत, हे दर पावसाळ्यातलं.

आधी माझा नियम होता, उशीर झाला तर पुरावा आणा. एका मुलीने आईचं डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून आणलं होतं. घड्यांवर कागद फाटायला आला होता, इतक्या जणांना ती तो दाखवून आली होती. मला फार लागलं ते. त्या दिवसापासून कारण विचारणं बंद केलं.

मग गेल्या सत्रात मुदतच काढून टाकली. सत्र संपेपर्यंत कधीही द्या म्हटलं. ते साफ चुकलं. बहुतेकांच्या चारही असाइनमेंट शेवटच्या आठवड्यात आल्या. पहिलीतल्या चुका दुसरीच्या आधी सांगायच्या, तेच राहिलं. आणि ज्यांच्यासाठी हे केलं ती नोकरी करणारी मुलंच सर्वांत मागे पडली. आठ जणांनी काहीच दिलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षभराने शिक्षण थांबवून, झालेल्या अभ्यासाचे क्रेडिट जपून पुन्हा परत येण्याची सोय आहे. पण मंगळवारची असाइनमेंट गुरुवारी चालेल का, हे शेवटी आम्हालाच ठरवावं लागतं.

जूनपासून असं करावं म्हणते: पाच छोट्या असाइनमेंट, त्यातल्या उत्तम चार धरायच्या. शिवाय प्रत्येकाला सत्रभरात सहा जादा दिवस, कारण न विचारता. वर्गातली चाचणी जुलैत नको, गणपतीनंतर. 75 टक्के हजेरीचा नियम माझ्या हातात नाही, तो आहे तसाच राहील.

अडतंय ते इथे. पाचातली एक सोडता येते म्हटल्यावर मुलं आकडेमोडीचं म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाचंच प्रकरण सोडतील, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ती एक सक्तीची ठेवावी का? 70 जणांच्या जादा दिवसांचा हिशेब कोणी ठेवलाय का, वहीत की एक्सेलमध्ये? आणि इंटर्नलचे मार्क भरायची तारीख ठरलेली असते, तर जादा दिवस शेवटच्या असाइनमेंटला लागू करावेत का?

ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी, फसलं असेल तरी, जरूर लिहा. मे अखेरीस विभागप्रमुखांना आराखडा द्यायचा आहे.