मदत हवी आहे: स्पेनमधील फुटबॉल क्लबांची हंगामनिहाय घरची मैदाने कशी नोंदवावीत?

सप्रेम नमस्कार.

स्पेनच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या पहिल्या श्रेणीचा, म्हणजे आपण ज्या स्पर्धेला ला लीगा म्हणतो तिचा, १९२९ सालच्या पहिल्या हंगामापासूनचा तक्ता मी मराठीत तयार करीत आहे. हंगाम, क्लब, शहर आणि घरचे मैदान असे त्याचे चार रकाने आहेत. पहिले तीन सहज भरता येतात. चौथ्या रकान्यात मात्र क्लबागणिक नवा पेच उभा राहतो. मैदानाचे आजचे नाव मागच्या सगळ्या हंगामांना लावून मोकळे होणे ही सर्वांत सोपी वाट आहे, पण ती मला पसंत नाही, कारण तसा तक्ता हाताशी घेऊन कोणी जुने वृत्तपत्र उघडले तर त्याला तिथे ते नाव सापडणारच नाही.

उदाहरण म्हणून अ‍ॅटलेटिको माद्रिद घेऊ. हा क्लब १९६६ साली जुने मेत्रोपोलितानो सोडून मान्सानारेस नदीच्या काठी बांधलेल्या नव्या मैदानावर आला आणि आरंभी त्या मैदानाला नदीचेच नाव होते. अध्यक्ष व्हिसेन्ते काल्देरोन यांचे नाव त्याला १९७१ मध्ये दिले गेले. म्हणजे १९६९-७० चे विजेतेपद अ‍ॅटलेटिकोने मिळवले तेव्हा ‘व्हिसेन्ते काल्देरोन’ या नावाचे मैदान अस्तित्वात नव्हते, मैदान मात्र तेच होते. पुढे २०१७ मध्ये क्लब शहराच्या पूर्व टोकाला नव्या मैदानावर गेला आणि त्यालाही मेत्रोपोलितानो हेच नाव मिळाले, तेही आधी ‘वांडा’, मग ‘सिव्हितास’ आणि आता ‘रियाध एअर’ अशा प्रायोजकांच्या नावांसह. दोन्ही मेत्रोपोलितानोंमध्ये पन्नास वर्षांचे आणि अख्ख्या माद्रिद शहराचे अंतर आहे, पण तक्त्यात ती एकच वास्तू वाटते.

व्हॅलेन्सियाची अडचण याहून वेगळी आहे. त्यांचे मैदान मेस्ताया १९२३ पासून जागचे हललेले नाही, परंतु १९६९ ते १९९४ या काळात त्याचे अधिकृत नाव माजी अध्यक्षांच्या सन्मानार्थ ‘लुइस कासानोवा’ असे होते. १९८२ च्या विश्वचषकात यजमान स्पेनने आपले पहिल्या फेरीतील तिन्ही सामने याच मैदानावर खेळले आणि त्या काळच्या कागदपत्रांत कासानोवा हेच नाव आढळते. सेव्हियाच्या बेतिस क्लबचे मैदान तर १९६१ मध्ये ‘बेनितो व्हियामारीन’ झाले, २००० मध्ये ‘मानुएल रुइस दे लोपेरा’ झाले आणि २०१० मध्ये पुन्हा ‘बेनितो व्हियामारीन’ झाले.

माझे प्रश्न थोडक्यात असे. मैदानाचे नाव बदलले पण जागा तीच राहिली, तर त्या हंगामात कोणते नाव लिहावे? जागा बदलली पण नाव तेच राहिले, तर वाचकाला ते कसे कळवावे? आणि एकाच हंगामात क्लब दोन-तीन मैदानांवर खेळला असेल, तर एका ओळीत एकच मैदान बसवण्याचा आग्रह सोडून द्यावा काय? प्रत्येक प्रश्नाला नेमके उदाहरण देऊन उत्तर मिळाले तर मोठी मदत होईल.

— तक्तेकरी


प्रतिसाद : गोलपोस्ट

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते मिळाले की पहिले दोन बरेचसे सुटतात. हंगाम हे एकक धरल्यामुळेच हा पेच पडला आहे. मैदानाच्या बाबतीत खरे एकक सामना हे आहे. रेआल वायादोलिदचा १९८१-८२ चा हंगाम पाहा. विश्वचषकासाठी बांधलेले त्यांचे नवे मैदान २० फेब्रुवारी १९८२ रोजी अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्धच्या लीग सामन्याने खुले झाले. म्हणजे तो हंगाम सुरू झाला १९४० च्या जुन्या मैदानावर आणि संपला नव्या मैदानावर. त्यात भर अशी की कवी होसे सोरिया यांचे नाव दोन्ही मैदानांना आहे. आपल्या रकान्यात नुसते ‘होसे सोरिया’ लिहिले, तर ते चूक म्हणता येणार नाही, पण हंगामाच्या मध्यावर घडलेले स्थलांतर त्यात पूर्णपणे लपून जाईल.

म्हणून माझी सूचना अशी की मैदानांचा तक्ता वेगळा करावा. त्यात प्रत्येक वास्तूला एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे तिची नावे, प्रत्येक नाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालले ते, अशी लिहावीत. हंगामाच्या तक्त्यात मग क्रमांक आणि त्या दिवशीचे अधिकृत नाव एवढेच यावे. वायादोलिदला दोन क्रमांक मिळतील आणि नाव एकच राहील. व्हॅलेन्सियाला क्रमांक एकच राहील आणि नावे तीन टप्प्यांत येतील. ओव्हिएदोलाही वायादोलिदसारखेच दोन क्रमांक लागतील, कारण बुएनाव्हिस्ता भागातील जुने ‘कार्लोस तार्तिएरे’ सोडून क्लब २००० साली शहरातच दुसरीकडे बांधलेल्या त्याच नावाच्या मैदानावर गेला. व्हियारेआलने २०१६-१७ च्या हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २०१७ मध्ये, ‘एल माद्रिगाल’चे नाव बदलून ‘एस्तादिओ दे ला सेरामिका’ केले. तिथे एकाच हंगामात, एकाच क्रमांकापुढे दोन नावे येतील, आणि ते योग्यच आहे.

एका मैदानावर वेगवेगळ्या काळी दोन क्लब नांदल्याची उदाहरणेही या पद्धतीने आपोआप उजेडात येतात. बार्सिलोनातील मोन्तजुइक टेकडीवरचे ऑलिम्पिक मैदान १९९७ ते २००९ एस्पान्योलचे घर होते, कारण त्यांचे १९२३ पासूनचे सारिया विकले गेले आणि पाडले गेले. आणि बार्सिलोना क्लबच्या कँप नोउ मैदानाची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर २०२३ पासून तेच मैदान त्या क्लबचे तात्पुरते घर झाले. सारियाचे नाव तक्त्यात ठळकपणे यायलाच हवे, कारण लीगच्या इतिहासातील पहिला गोल १० फेब्रुवारी १९२९ रोजी तिथेच नोंदवला गेला.


प्रतिसाद : उत्तरस्टँड

गोलपोस्ट यांच्या क्रमांकाच्या कल्पनेशी मी सहमत आहे, परंतु एक बाब त्यांनी सोडली आहे. नवी वास्तू कशाला म्हणायचे? हे आधी ठरले नाही तर क्रमांक देतानाच वाद होतील.

बिल्बाओचे सान मामेस १९१३ मध्ये उभे राहिले आणि २०१३ मध्ये बंद झाले. त्याच्या अगदी लगत नवे सान मामेस बांधले गेले आणि दोन्हींच्या जागा काही अंशी एकमेकांवर येत असल्यामुळे जुने पाडल्याशिवाय नव्याची चौथी बाजू पुरी करणे शक्य नव्हते. १६ सप्टेंबर २०१३ रोजी सेल्ताविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा ती बाजू उघडीच होती. नाव तेच, परिसर तोच, ‘कॅथीड्रल’ हे टोपणनावही तेच. तरी माझ्या मते हे वेगळे मैदान आहे. याउलट हिहॉनचे एल मोलिनोन १९०८ पासूनचे, स्पेनच्या व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वांत जुने मैदान मानले जाते. शतकभरात त्याचे कठडे, छपरे, आसने सारे बदलले, तरीही ते मैदान एकच. मी वापरतो ती कसोटी अशी की हिरवळीचा आयत जागेवर राहिला तर मैदान तेच, आयत सरकला तर मैदान नवे. या कसोटीने रेआल माद्रिदचे बेर्नाबेऊ कितीही वेळा वाढवले वा झाकले तरी एकच राहते, कँप नोउही एकच राहते आणि सान मामेस मात्र दोन होतात.

प्रायोजकांच्या नावांबाबत माझा आग्रह थोडा वेगळा आहे. ही नावे करार संपला की जातात. युरोपीय फुटबॉल संघटना आपल्या स्पर्धांत ती वापरतच नाही. २०१९ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना माद्रिदमध्ये झाला तेव्हा ‘वांडा’ वगळून केवळ ‘मेत्रोपोलितानो’ हेच नाव अधिकृतपणे वापरले गेले. सान सेबास्तियानचे अनोएता २०१९ पासून ‘रेआले अरेना’ आहे, पण मराठी वाचकाला अनोएता हे नाव अधिक काळ उपयोगी पडेल. म्हणून मुख्य रकान्यात प्रायोजकाशिवायचे नाव आणि टीपेत प्रायोजकाचे, अशी रचना मला अधिक टिकाऊ वाटते.

अधिकृत नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव यांतही फरक असतो, हेही ध्यानात घ्यावे. कँप नोउ २४ सप्टेंबर १९५७ रोजी खुले झाल्यापासून लोक त्याला कँप नोउच म्हणत आले, परंतु क्लबच्या दफ्तरी कित्येक दशके ते केवळ ‘बार्सिलोना क्लबचे मैदान’ होते आणि रूढ नावावर सभासदांच्या मतदानाने शिक्कामोर्तब झाले ते शतक बदलताना. अशा ठिकाणी मी बेधडक रूढ नाव लिहीन, कारण वृत्तपत्रांतही तेच आहे.


प्रतिसाद : तक्तेकरी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्रमांकाची पद्धत आणि हिरवळीच्या आयताची कसोटी मी दोन्ही स्वीकारतो. यादवी युद्धामुळे १९३६ ते १९३९ या काळात लीग झालीच नाही, त्यामुळे तिथे ओळी नाहीत. पण युद्धानंतरचे पहिले काही हंगाम आणि अलीकडचा साथीचा काळ यांत तात्पुरत्या मैदानांची गर्दी आहे. एखादा क्लब काही आठवडे पाहुणा म्हणून दुसरीकडे खेळला, तर ते ‘घरचे मैदान’ मानावे काय? शिवाय गेताफे आणि कादिस यांनी आपल्या मैदानांची नावे काढून टाकली आहेत. तिथे मागील हंगामांत जुने नाव ठेवणे उचित होईल काय, याविषयीही मत हवे आहे.


प्रतिसाद : गोलपोस्ट

यजमान म्हणून जिथे खेळला ते त्या सामन्याचे घरचे मैदान, एवढा साधा नियम ठेवा. मुदत मोजत बसू नका. युद्धात मेत्रोपोलितानो उद्ध्वस्त झाल्यामुळे १९४३ पर्यंत अ‍ॅटलेटिकोला वायेकास आणि चामार्तिन इथे आपले सामने खेळावे लागले, आणि चामार्तिन हे रेआल माद्रिदचे मैदान होते. १९३९-४० आणि १९४०-४१ ही लागोपाठची दोन विजेतेपदे त्यांनी याच बेघर काळात मिळवली. काही वर्षांनी पारडे फिरले. रेआलने १९४६ मध्ये जुने चामार्तिन सोडले आणि नवे चामार्तिन १४ डिसेंबर १९४७ रोजी खुले होईपर्यंत ते मेत्रोपोलितानोवर, म्हणजे अ‍ॅटलेटिकोच्या घरी, यजमान म्हणून खेळले. या दोन क्लबांनी एकमेकांना आसरा दिला ही गोष्ट मला स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासातील फार मोलाची वाटते, आणि तात्पुरती मैदाने गाळली तर तीच नेमकी हरवेल. १९५५ मध्ये नव्या चामार्तिनला सान्तियागो बेर्नाबेऊ यांचे नाव मिळाले, हेही नावांच्या तक्त्यात तारखेनिशी येऊ द्या.

साथीच्या काळात बेर्नाबेऊचे काम चालू असल्यामुळे रेआल जून २०२० पासून पुढच्या हंगामाच्या अखेरपर्यंत आपल्या सराव संकुलातील आल्फ्रेदो दि स्तेफानो मैदानावर खेळले. तिथे जेमतेम सहा हजार प्रेक्षक मावतात, पण प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता म्हणून ते चालले. लेवान्तेने २०१९-२० चे उरलेले घरचे सामने ला नुसिया या गावी खेळले. पुढे २०२२ च्या उत्तरार्धात व्हियारेआल लेवान्तेच्या मैदानावर पाहुणे होते. आणि २०२५-२६ मध्ये बार्सिलोनाने लीगचे पहिले दोन घरचे सामने योहान क्राइफ या छोट्या मैदानावर, पुढचे काही मोन्तजुइकला आणि २२ नोव्हेंबरपासून कँप नोउवर खेळले. त्या एका हंगामाला तीन क्रमांक लागतील.

जुन्या दशकांसाठी सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. बार्सिलोनाच्या ‘मुंदो देपोर्तिव्हो’चे १९०६ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर चाळता येतात. प्रेक्षकांच्या दंगलीमुळे मैदान बंद करण्याची शिक्षा झाली आणि सामना दुसऱ्या गावी हलवला गेला, अशा नोंदी हंगामाच्या तक्त्यांत सापडत नाहीत. सामन्याच्या वृत्तांतात मात्र हमखास असतात.


प्रतिसाद : उत्तरस्टँड

पाहुण्या मैदानांच्या नियमाला एक मर्यादा घालावी लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रवासबंदीमुळे अ‍ॅटलेटिकोला चेल्सीविरुद्धचा घरचा सामना बुखारेस्टमध्ये आणि रेआल सोसिएदादला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा घरचा सामना तुरीनमध्ये खेळावा लागला. हे सामने युरोपीय स्पर्धांतले असल्यामुळे आपल्या लीगच्या तक्त्यात त्यांना जागा नाही, परंतु मैदानांच्या तक्त्यात एक टीप अवश्य द्यावी. जिरू याने बुखारेस्टमध्ये केलेला चेल्सीचा गोल तेव्हाच्या नियमाप्रमाणे (दोन सामन्यांत मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचे गोल सरस धरले जात) परक्या मैदानावरचा म्हणूनच मोजला जाणार होता. यजमानपद कागदावर ठरते आणि नियम त्याच्यामागे जातात, हे त्यातून दिसते.

आता काढून टाकलेल्या नावांविषयी. गेताफेचे मैदान १९९८ मध्ये खुले झाले तेव्हापासून ‘कोलिसेउम आल्फोन्सो पेरेस’ होते. महिला फुटबॉलविषयी आल्फोन्सो यांनी केलेल्या विधानांनंतर २०२३ मध्ये क्लबने त्यांचे नाव वगळले आणि केवळ ‘कोलिसेउम’ उरले. कादिसचे १९५५ चे ‘रामोन दे कार्रान्सा’ हे २०२१ मध्ये ‘नुएव्हो मिरान्दिया’ झाले, कारण ज्यांचे नाव होते ते महापौर १९३६ च्या लष्करी उठावाच्या बाजूचे होते. दोन्ही निर्णयांमागची कारणे मला पटतात. तरीही आपल्या तक्त्यात २०२२-२३ पर्यंत ‘आल्फोन्सो पेरेस’ आणि २०२०-२१ पर्यंत ‘रामोन दे कार्रान्सा’ हीच नावे असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. गेताफेचा बदल २०२३-२४ चा हंगाम सुरू झाल्यानंतरचा आहे, म्हणून त्या हंगामाच्या ओळीत व्हियारेआलप्रमाणे दोन्ही नावे तारखेसह द्यावी लागतील. कादिसचा बदल मात्र दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत झाल्यामुळे तिथे २०२१-२२ पासून सरळ नवे नाव लिहिता येईल.