आई ओ, बाबा बी, मग मुलगी एबी कशी?

बारावीची_परळकर: सरांनी सांगितलं की ओ गटाच्या पालकाला एबी मूल होत नाही. सराव प्रश्नपत्रिकेत नेमकं तेच उदाहरण आलंय! आईबाबांच्या जनुकांच्या जोड्यांची चौकट तीनदा मांडली, बी आणि ओ सोडून काही येत नाही. प्रश्नच चुकलाय का?

रक्तपेढीवाले_काका: नाही गं बाळा, प्रश्न बरोबर आहे. आणि तो आपल्याच शहराचा आहे: बॉम्बे रक्तगट, १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. ए आणि बी प्रतिजनं, म्हणजे तांबड्या पेशींवरच्या रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, एच नावाच्या पायावर बांधली जातात. आईकडे एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर पायाच नाही. मग ए जनुक असूनही पेशींवर ते दिसत नाही आणि साध्या तपासणीत ‘ओ’ येतं. ते ए मुलीला मिळालं, बाबांकडून बी आणि चांगलं एच. झाली एबी! पण अशा आईला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं, कारण तिच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. रक्तपेढीत असताना मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती असायची.

बारावीची_परळकर: थँक्यू काका! पण मग हे निकामी एच जनुक उत्क्रांतीत गळून का नाही गेलं?

दादरची_मॅडम: एकच निकामी प्रत असलेल्यांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे नैसर्गिक निवडीला ती दिसतच नाही. दोन्ही निकामी असलेलेही एरवी ठणठणीत असतात. रक्त चढवणं तर अगदी अलीकडचं.