१०७७ वर बसणाऱ्यांना पुढचं कळवायला हवं का?

वाशिष्ठीकाठ: माझी बहीण जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात १०७७ वर बसते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, तेव्हा तिला एका आजोबांचा फोन आला. "पोटमाळ्यावर आलोय, पाणी शिडीला लागलंय." तिने होडीसाठी निरोप दिला, तेवढ्यात फोन तुटला. परत लागलाच नाही. त्यांचं काय झालं ते तिला आजतागायत ठाऊक नाही. अजूनही रात्री पाऊस लागला की उठून बसते. माझं म्हणणं, असा कॉल झाला की १५ मिनिटं खुर्चीवरून उठवा, आणि आठवड्याने का होईना, पुढे काय झालं ते सांगा.

बंदरावरचा: १५ मिनिटं? पाळीला माणसं किती, ते बहिणीला विचारा. एक उठला तर त्याचा फोन कोण उचलणार, कलेक्टर? आणि ताण म्हणाल तर होडीतल्या पोरांना जास्त.

वाशिष्ठीकाठ: होडीतल्याच्या हाताला माणूस लागतो हो. हिच्याकडे नुसता आवाज.

सावंतवाडीकर: त्यासाठी १४४१६ आहे की, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात.

वाशिष्ठीकाठ: आठ तास कानाला फोन लावलेल्या बाईला घरी येऊन आणखी एक फोन करायला सांगू?

गाडीवाला: मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर होतो. कॉल पुण्यात लागतो. तिथली मुलगी विचारायची, "कोणती वाडी?" आमच्याकडे गावोगाव एक खालची वाडी, एक गुरववाडी. मी खेकसायचो तिच्यावर. एकदा बाई गाडीतच बाळंत झाली. संध्याकाळी त्याच मुलीचा फोन, "दादा, मुलगा की मुलगी?" ड्युटी संपल्यावर केलेला. त्यानंतर खेकसलो नाही.

बंदरावरचा: बाळाचं सांगायला काय जातंय! आजोबा गेले असं कळलं तर ताई झोपणार आहे का?

वाशिष्ठीकाठ: तिलाच विचारून आलो. म्हणाली, "गेले असतील तर गेले म्हणून सांगा. पाऊस लागला की मीच त्यांना एकदा बुडवते नि एकदा वाचवते, ते तरी थांबेल."

बंदरावरचा: बरं, कळवा. त्याला एक वही पुरे. पण त्या १५ मिनिटांना बदली माणूस कुठून आणणार, ते कोणीच बोललं नाही.