मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या सूचीत ‘शाहू महाराज’ वेगवेगळे कसे दाखवायचे?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची विषयसूची नव्याने करतोय. अडलंय ते शाहू महाराजांपाशी. एकाच नोंदीखाली सातारचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९), त्याच गादीवरचे दुसरे शाहू (निधन १८०८) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) असे तिघेही आलेत. शिवाय २०२४ ला कोल्हापुरातून खासदार झालेल्या शाहू महाराजांची वर्तमानपत्री कात्रणं आहेतच. परवा नववीतल्या एका मुलीला १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणाच्या जाहीरनाम्यावर वाचायचं होतं, तिच्या हाती बाळाजी विश्वनाथाच्या पेशवाईचं पुस्तक पडलं. हे थांबायलाच हवं.

‘राजर्षी’ आधी लावून पाहिलं, तर नोंद ‘र’मध्ये जाते आणि ‘श’मध्ये शोधणाऱ्याला सापडत नाही. ‘पहिले’, ‘दुसरे’ हेही जमेना, कारण सातारा आणि कोल्हापूर दोन्ही गाद्यांची मोजणी वेगळी. मूळ नावानेही भागत नाही. कोल्हापूरचे शाहू हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ ला दत्तक आले, पण त्या नावाने शोधणार कोण?

कार्डावर एकच ओळ बसते, संगणक नाही, वाचक बहुतेक शाळकरी मुलं. पुस्तकांची नावं बदलायची नाहीत, फक्त सूचीतली नोंद. सध्या ‘शाहू, कोल्हापूर, १८७४–१९२२’ असं लिहायचा विचार आहे.

ग्रंथालयात काम केलेल्यांनी कृपया सांगा: नावानंतर आधी गादी लिहावी की सनावळी, आणि ‘राजर्षी’साठी ‘र’मध्ये वेगळं ‘पहा’ कार्ड ठेवावं का?